वन्संची आमसुली

आमच्या वन्संना फुलं आवडायची नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या गेल्या त्या दिवशी हॉलमध्ये हारांचा ढीग पडला होता आणि हार घेऊन येणाऱ्या प्रत्येकावर मला खेकसावंसं वाटत होतं. झेंडू, शेवंती, वर ती चकचकीत जर लावलेली. त्यांनी पाहिलं असतं तर म्हणाल्या असत्या, "वहिनी, हे सगळं परत कर."

"फुलाचा रंग म्हणजे कच्चा रंग," असं त्यांचं मत. "दोन दिवस नाचतो आणि जातो. रंग बघायचा तर पानाचा बघावा."

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. त्यांनी लग्न केलं नाही. सासूबाई लवकर गेल्या, धाकट्या भावाचं शिक्षण व्हायचं होतं, आणि ते सगळं मार्गी लागेपर्यंत विचारायला येणारे यायचे थांबले. परळची खोली विकून आम्ही मीरा रोडला बेव्हर्ली पार्कात आलो, तेव्हा त्याही आमच्याबरोबर आल्या. हॉल, स्वयंपाकघर आणि एक बेडरूम. बेडरूम आम्हा दोघांची, हॉलमधला दिवाण वन्संचा. असं कुणी ठरवलं होतं, मला आठवत नाही. कुणी ठरवलंच नसावं. त्यांनी पहिल्या रात्री आपली वळकटी दिवाणावर टाकली आणि ती तिथेच राहिली.

भाईंदर पश्चिमेला स्टेशनजवळच्या एका मॅचिंग सेंटरमध्ये त्यांनी जन्म काढला. बायका पिशवीत साडी घालून आणायच्या आणि तिच्या रंगाचं ब्लाऊजपीस, अस्तर, फॉल मागायच्या. वन्सं साडीचा पदर धरून आधी दुकानाच्या दारात यायच्या. ट्यूबलाइटखाली रंग खोटं बोलतो, असं त्या म्हणायच्या. दारातल्या उजेडात एकदा बघायचं आणि मग मागच्या कप्प्यातून बरोबर तोच तागा ओढायचा. घरीसुद्धा त्यांना नुसतं लाल किंवा हिरवं असं काही दिसायचंच नाही. वरणाचा रंग आज मोतिया आहे, आकाश चिंतामणी झालंय, आणि मी चिडले की "वहिनी आज डाळिंबी झाली." मी आणखी चिडायची.

गुडघे गेले तेव्हा दुकान सुटलं. दिवसभर दिवाणावर बसून करणार काय? आमच्या मुलानं बंगळुरूहून येताना त्यांना मोबाईल आणून दिला होता, त्यात त्यांना कधीतरी ते झाड दिसलं. कुठल्यातरी परदेशी बागेत, जमिनीलगत पसरलेलं, नुसत्या पानांचं. ह्युकेरा. नाव घेताना शिंक येते की काय असं मला वाटायचं. पण पानं मात्र खरंच बघण्यासारखी होती. कडा कातरलेली, तळहाताएवढी, आणि रंग म्हणाल तर वन्संचं अख्खं दुकान.

"वन्सं, हे थंडीतलं झाड आहे," मी म्हटलं. "इथे माणसं उकडून निघतायत, ते काय जगणार?"

"मी नाही जगले परळहून येऊन?"

त्यांनी कुठून तरी डोंगराळ भागातल्या एका नर्सरीचा नंबर मिळवला आणि निवड सुरू झाली. लग्नाचा बस्ता बांधायला एवढा वेळ लागत नाही. मोबाईलमधल्या रंगावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, त्यामुळे त्या नर्सरीवाल्याला रोज फोन. "भैया, आप पत्ता धूप में लेके फोटो भेजो. फ्लॅश मत मारना. और पीछे से कौनसा कलर है वो भी दिखाओ." तो बिचारा पान उलटं करून फोटो पाठवायचा. वन्सं मोबाईल घेऊन खिडकीशी जायच्या, जवळ धरायच्या, लांब धरायच्या आणि मान हलवायच्या. "याचा जांभळा फुसका आहे. दुसरा सांगते."

दिवाळी झाली आणि थंडी पडायच्या बेताला खोकं आलं. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली चार रोपं. प्रत्येकाला इंग्रजी नावाची चिठ्ठी होती. वन्संनी त्या चिठ्ठ्या काढून फेकल्या आणि स्वतःची नावं ठेवली. गर्द जांभळी ती वांगी. पिवळसर हिरवी ती पोपटी. तिसरीचा गुळासारखा रंग त्यांच्या शेड कार्डातही नव्हता, म्हणून तिला त्यांनी गुळी हे नवं नाव दिलं. आणि चौथी आमसुली. दुकानात "ती आमसुली काढ गं" म्हणायची सवय, त्यामुळे झाडंसुद्धा सगळी 'ती' झाली.

आमसुलीवर त्यांचा जीव जास्त होता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

कुंड्या ठेवल्या आमच्या बेडरूमच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये. घरात सकाळचं कोवळं ऊन येऊन पुढे दिवसभर सावली राहते अशी ती एकच जागा. वन्सं रोज सकाळी दारावर टकटक करून आत यायच्या, मातीत बोट खुपसायच्या, आणि बोटाला माती चिकटली तर पाणी न घालता परत जायच्या. "हिला पाण्यापेक्षा पाण्याची वाट बघायला आवडतं," असं काहीतरी म्हणायच्या. मी पांघरुणात तोंड खुपसून पडलेली असायची. सकाळी सकाळी आपल्या बेडरूममध्ये नणंद, आणि ती कुंडीत बोटं घालतेय, यात गोड वाटण्यासारखं काही नव्हतं. पण जानेवारीत त्या पानांनी असा काही रंग धरला की मीसुद्धा उठून बघायला लागले.

त्याच थंडीत त्यांच्या दंडावर निळे डाग दिसायला लागले. दुपारच्या वेळी त्या बसल्या बसल्या झोपायच्या. तपासण्या झाल्या. रक्ताचा आजार निघाला, आणि निघाला तो पुढच्या पायरीवरच उभा असलेला. डॉक्टरांनी इंजेक्शनांचा कोर्स सांगितला आणि घरी सोडताना आम्हाला समोर बसवून बजावलं. रक्तातली ताकद गेलीय, साधा जंतूही सोसणार नाही. वेगळी खोली, शक्यतो एसी, बाहेरची धूळ नको, जाणाऱ्या येणाऱ्यांनी मास्क लावायचा. आणि खोलीत माती नको, फुलं नकोत, झाड नको.

घरात एसी एकच, आमच्या बेडरूममध्ये. आम्ही दोघं हॉलमध्ये आलो आणि वन्सं आत गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःची खोली मिळाली, ती अशी. दिवाणावर आम्ही पाळीपाळीनं झोपायचो; पहिल्या रात्री माझी पाळी होती, तेव्हा कळलं की त्याची मधली फळी पाठीला टोचते. इतक्या वर्षांत त्या कधी बोलल्या नव्हत्या.

त्यांच्या पलंगावरून खिडकी समोरच दिसायची. सरकती काच बंद, काचेपलीकडे ग्रिल आणि ग्रिलमध्ये चार कुंड्या. खोलीत झाड नको म्हणजे काचेच्या आत नको, एवढं आम्ही समजून घेतलं. पण फेब्रुवारी संपला तसं ऊन चढायला लागलं. बाहेर मेट्रोच्या कामाची धूळ, आणि त्यात एसीचं बाहेरचं यंत्र नेमकं त्या ग्रिलशेजारी बसवलेलं. वन्संना आत गारवा मिळावा म्हणून ते यंत्र दिवसभर घरातली गरम हवा झाडांच्या अंगावर फेकायचं. ज्या थंडीवर ती झाडं जगणार होती, ती थंडी काचेच्या अलीकडे होती, आणि अलीकडे त्यांना यायची बंदी.

"आमसुलीला उन्हाळ्यातून काढायची आहे मला," वन्सं एकदा म्हणाल्या. "पुढचं पुढे."

पुढचं म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. पण त्या दिवसापासून मी मनाशी धरलं की आमसुली जगली तर वन्सं जगतील. मी पदवीधर बाई आहे, लोकांच्या उपासतापासांना हसणारी. तरी हे असलं काहीतरी मनात घेऊन मी घरभर वावरत होते, आणि ते कुणाला सांगायची मला लाज वाटत होती.

मी काच सरकवून ग्रिलमध्ये उतरले, मागे काच लावून घेतली आणि गोणपाट ओलं करून यंत्राच्या आणि कुंड्यांच्या मध्ये बांधलं. कुंड्या थर्मोकोलच्या खोक्यात बसवल्या. एकदा तर बर्फाचे खडे आणून मातीवर ठेवले. वन्सं आतून बघत होत्या. मास्कमागून हसल्या आणि काचेवर टिचकी मारून ओरडल्या, "थोडी साखर घाल, लिंबू पिळ!"

आता आमच्या यांच्याबद्दल सांगायला हवं. माझा नवरा मुलखाचा अबोल. आईविना वाढलेला, बहिणीनं वाढवलेला. ताई म्हणजे त्यांची आई, बाप, सगळंच. आणि म्हणूनच की काय, ताईचं हे रूप त्यांना बघवत नव्हतं. हॉस्पिटलात औषधांच्या रांगेत ते तासन्तास उभे राहतील, पण वॉर्डच्या दारातून आत पाऊल टाकणार नाहीत. घरीही तेच. हॉलमधून मला विचारायचे, "ताईनं खाल्लं का?"

"आत जाऊन विचारा ना."

"तूच विचार."

"अहो, तुमची बहीण आहे ती. वाघीण नाही."

की हे पेपर उघडून बसणार. माझं डोकं फिरायचं. आत ती बाई केस गेलेलं डोकं रुमालात बांधून दाराकडे बघत पडलीय, आणि बाहेर हा माणूस कालचा पेपर परत वाचतोय. मी बरंच काही बोलले आहे त्यांना त्या दिवसांत. ते सगळं इथे लिहीत नाही.

फक्त सकाळी एकदा ते आत जायचे. त्याचं असं झालं की आत झोपायला गेल्यावर वन्संनी त्यांना दारातूनच हाक मारून सांगितलं होतं, "अरे, माझ्या झाडांकडे बघशील ना?" झाडाकडे बघायची एकच रीत यांना ठाऊक होती. आंघोळ झाली की ओल्या केसांनी, तांब्याचा तांब्या भरून घ्यायचा, स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या तुळशीला डोळे मिटून काहीतरी पुटपुटत पाणी घालायचं, तांब्या रिकामा होईपर्यंत. लग्न झाल्यापासून मी हे बघतेय. आता तुळशीचं झालं की तांब्या परत भरायचा, मास्क लावायचा आणि बेडरूममध्ये जायचं. वन्सं मास्क वर ओढून तोंड भिंतीकडे करायच्या. हे काच हातभर सरकवायचे आणि चारही कुंड्यांना पाणी, थेट माथ्यावर. मातीत बोट नाही, काही नाही. देवाला अभिषेक करतात तसं. मग काच लावायची.

मी कामात असायची, माझं तिकडे लक्ष नव्हतं. मला आपलं वाटायचं, एक काम तरी करतायत.

आधी पोपटी गेली. मी म्हटलं, ऊन. मग गुळी मान टाकून बसली. मी गोणपाट दुहेरी केलं. एका दुपारी वांगी कोमेजलेली दिसली म्हणून मी काच सरकवून तिला नुसता हात लावला, तर सगळी पानं मुठीत आली. बुंध्यापाशी काळा चिखल झालेला, सडलेल्या कांद्यासारखा वास. मातीत बोट घातलं तर पेरापर्यंत पचपचीत ओलं. आमच्या मीरा रोडला पाणी येतं ते ठरल्या वेळी, आलं तर. उन्हाळ्यात सोसायटीत टँकरवरून भांडणं होतात. अशा गावात झाड पाण्यानं मेलं, हे मला क्षणभर खरंच वाटेना. मग रोजचा तो तांब्या डोळ्यांसमोर आला आणि माझं टाळकं सणकलं.

मी ती पानं तशीच मुठीत घेऊन हॉलकडे निघाले. हे दिवाणावर बसले होते.

"वहिनी," मागून वन्सं म्हणाल्या. "दार लाव."

"थांबा वन्सं, आधी यांना दाखवते त्यांनी काय करून ठेवलंय ते."

"दार लाव आणि इकडे ये."

त्यांचा तो दुकानातला आवाज होता, गिऱ्हाईक उगाच घासाघीस करायला लागलं की निघायचा तो. मी दार लावलं.

"मला माहितीय," त्या म्हणाल्या. "पोपटी गेली तेव्हाच कळलं मला."

"मग बोलला का नाहीत? एका शब्दानं सांगायचं होतंत ना, अरे बाबा, रोज घालू नकोस म्हणून!"

"आणि मग?"

मला समजेना.

"मग तो कशाला येईल या खोलीत?" वन्सं म्हणाल्या. "दुसऱ्या कशाला येतो का?"

मी पलंगाच्या कडेला बसले. मुठीतल्या पानांचा काळा चिखल माझ्या गाऊनला लागत होता.

"तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून सांगतेय," त्या म्हणाल्या. "त्याला यातलं काही कळता कामा नये. आज नाही आणि मागाहूनही नाही. पाणी घालू दे त्याला."

"पण आमसुली जाईल हो."

"जाऊ दे. मला भाऊ हवाय."

असं सरळ बोलण्याची त्यांना सवय नव्हती, मला ऐकण्याची नव्हती. मी उठून हात धुवायला गेले आणि मोरीत नळ सोडून रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम दाराबाहेर थांबून बघितलं. यांनी काच सरकवली, पाणी घातलं, काच लावली. पण लगेच निघाले नाहीत. रिकामा तांब्या हातात धरून खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. वन्संनी भिंतीकडून तोंड वळवलं आणि त्यांच्या पाठीशी बोलायला लागल्या.

"झोप लागली का रे दिवाणावर?"

"हो."

"फळी टोचते मधली. उशी घे खाली."

"बरं."

"पेपरात काय आहे?"

मग हे काचेकडे बघत पेपरातलं काहीबाही सांगत राहिले. नवघरकडे कुठे पाइप फुटला ते, भाज्यांचे भाव, कुठल्या इमारतीचं रिडेव्हलपमेंट रखडलंय ते. त्यांनी एकदाही मागे वळून बघितलं नाही आणि वन्संनीही वळ म्हटलं नाही. वन्संचे डोळे मात्र त्यांच्या पाठीवरून हलत नव्हते. मी गुपचूप स्वयंपाकघरात आले. पोळी तव्यावर करपली होती.

त्यांना भाऊ हवा होता ते ठीक आहे. मला आमसुलीही हवी होती. मी आयुष्यात कधी एका गोष्टीवर समाधान मानलेलं नाही. पाणी तर थांबवायचं नाही आणि झाडही मरू द्यायचं नाही, म्हणून मी उलट्या बाजूनं कामाला लागले. दुपारी हे बँकेत गेलेले असताना आमसुली काढली, कुंडीच्या तळाची भोकं खिळा तापवून मोठी केली, खाली विटांचे तुकडे आणि कोळसा, वर निम्मी वाळू. बुंधा वर उचलून लावला, म्हणजे पाणी माथ्यावर पडलं तरी ओघळून जाईल. तांब्या माळ्यावर टाकला आणि त्याच्या जागी पूजेतली लहान लोटी ठेवली.

"तांब्या कुठे गेला?" हे सकाळी म्हणाले.

"गळत होता."

"काल तर नव्हता गळत."

"काल नव्हता, आज गळतोय. माणसाचं नाही होत असं?"

पण गडी हट्टी. लोटी लहान म्हणून दोनदा भरून न्यायला लागले. तेवढीच खोलीत एक खेप जास्त झाली, म्हणून मी चालू दिलं. पाणी मात्र कुंडीतून सरळ खाली. खालच्या मजल्यावरची बाई जिन्यात उभी राहिली. "भाभी, आपका मिट्टीवाला पानी हमारे धुले कपड़ों पे गिरता है." चूक आमचीच होती, तरी मी चार शब्द ऐकवलेच. मग संध्याकाळी कुंडीखाली ताटली ठेवली, तिला भोक पाडून नळी बसवली आणि ती मोरीच्या पाइपाकडे वळवली.

आणि आमसुलीनं नवं पान काढलं. एप्रिलच्या त्या भट्टीत, धूळ खात, एसीच्या वाफा सोसत. आधी नखाएवढं, दुमडलेलं. मग उघडलं. मी पुन्हा ग्रिलमध्ये उतरून काचेला अगदी टेकवून कुंडी धरली आणि वन्संना दाखवण्यासाठी पान बोटानं उलटं केलं. त्या कोपरावर उठून बसल्या, खूप वेळ बघत राहिल्या.

"पुढून आमसुली, मागून राणी," त्या म्हणाल्या. "असा दुरंगी कपडा मी जन्मात विकला नाही."

त्या दिवशी त्यांनी वाटीभर पेज संपवली. रिपोर्टही थोडा बरा आला. मी कुणाला न सांगता कोपऱ्यावरच्या गणपतीला नारळ बोलले. आपण जिंकतोय असं मला वाटलं, आणि तसं वाटल्याचा राग मला आजही येतो.

मे लागला. पुढच्या इंजेक्शनांनंतर वन्संचा ताप हटेना. रिपोर्टातले आकडे खाली खाली जायला लागले. सकाळच्या उन्हानंच ग्रिलमधला पत्रा असा तापायचा की हात लावला तर चटका बसायचा. एका दुपारी आमसुलीची पानं कडेनं तपकिरी झाली, दोनच दिवसांत सगळी जळून चुरा. मी सावली केली, पाणी शिंपडलं, शिव्या दिल्या. बुंध्याचा काळा खुंट तेवढा राहिला. नखानं खरवडून बघितलं, आत हिरवं काही नव्हतं. यावेळी पाण्याचा दोष नव्हता, निदान मला तसं वाटलं. तिन्ही आधी गेल्या होत्या, हिच्यात बळ किती राहिलं होतं कोण जाणे.

मी कुंडी जरा मागे सरकवली, गोणपाटाच्या आडोशाला, म्हणजे पलंगावरून नीट दिसणार नाही. यांना काही बोलले नाही. सकाळी हे लोटी घेऊन आत गेले. मी पेजेची वाटी घेऊन मागोमाग गेले आणि दारातच थांबले.

यांनी काच सरकवली. खुंटाकडे बघितलं. पाणी घातलं, नेहमीसारखं, डोळे मिटून. काच लावली. उभे राहिले.

वन्संना बोलायला धाप लागत होती. "आमसुली कशी आहे रे?"

हे काचेकडेच बघत होते. "बरी आहे," म्हणाले. "नवीन पान येतंय."

वन्संनी त्या खिडकीकडे बघितलं. गोणपाट होतं, थर्मोकोलचं खोकं होतं, आणि कुंडीची कड. त्यांची नजर शेवटपर्यंत शाबूत होती.

"हो," त्या म्हणाल्या. "दिसतंय मला."

पेज निवून गेली तरी मी दारात उभी होते. त्यानंतरही रोज हे आत जात राहिले. काळ्या खुंटाला पाणी, आणि मग त्या दोघांचं पाइप फुटला, भाजी महागली हे सगळं. वन्संचं बोलणं कमी होत गेलं आणि यांचं वाढत गेलं. एवढं बोलताना मी त्यांना लग्नानंतर कधी ऐकलं नव्हतं.

महिना संपता संपता वन्संना हॉस्पिटलात हलवावं लागलं आणि त्या परत आल्या नाहीत. शेवटच्या दिवशी हे वॉर्डच्या आत गेले. हातात तांब्या नव्हता, लोटी नव्हती, उभं राहायला खिडकी नव्हती. पलंगाशी उभे राहून ते ताईच्या तोंडाकडे बघत होते आणि आपले हात कुठे ठेवावे ते त्यांना कळत नव्हतं. मीच त्यांचा हात उचलून वन्संच्या हातावर ठेवला.

तेरावा झाला, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बेडरूम आवरायला घेतली. चादरी काढल्या, पाहुण्यांसाठी लावलेला एसी बंद केला, काच पूर्ण उघडली. गरम हवा आत आली. कुंड्या गच्चीवर नेऊन रिकाम्या कराव्यात म्हणून मी ग्रिलमध्ये वाकले होते, तेव्हा हे आंघोळ करून दारात आले. केस ओले, हातात लोटी भरलेली. आत यावं की नाही असं करत उंबऱ्यावर थांबले.

"ती मेली होती ना?" ते म्हणाले. "मला दिसत होतं."

मी म्हटलं, "हो."

"तुलाही माहीत होतं."

"हो."

ते आत आले. रिकाम्या पलंगावर, उघड्या गादीवर बसले. लोटी मांडीवर धरलेली. मग म्हणाले, "परवा मुलाच्या फोनवर वाचत होतो. त्या झाडांना पाणी फार चालत नाही म्हणे. बुंध्यात सडतात."

मी वाकून आमसुलीची कुंडी उचलली.

"मी रोज घालत होतो," ते म्हणाले. त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं. "पाण्यानंच गेली ना गं सगळी? खरं सांग."

एरवी मी हे दहा वेळा तोंडावर फेकलं असतं. मी कुंडी ग्रिलमध्ये परत ठेवली आणि पदराला हात पुसले.

"नाही हो," मी म्हटलं. "उन्हानं गेली. यंदा ऊन काय कमी होतं का?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग "हं" म्हणाले, उठले, आणि लोटी घेऊन तुळशीकडे गेले.